एका अक्षराची शिदोरी

आधी धुकं. तळ्यावरून ते सावकाश वर उचललं जातं, कुणीतरी बाजूला उभं राहून दोरी ओढत असावं तसं. मग पलीकडची टेकडी दिसू लागते, टेकडीवरच्या गाई, अलीकडे लाल छपराचं सभाघर, सभाघराला खांदा लावून उभं असलेलं लांबलचक जेवणघर, आणि अगदी पुढे, पहिल्या रांगेतल्या माणसाला मानही उंच करावी लागू नये इतकी पुढे, तुरुहिराच्या घराची खिडकी. खिडकीला लागून पलंग. पलंगावर ती, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, उशांच्या ढिगाला टेकलेली. बाजूच्या स्टुलावर चहाचा कप, त्यावर साय धरलेली. पायथ्याच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ पेने, अडुसष्टचा, पाय लांब सोडून, टोपी मांडीवर घेऊन बसलेला. बहीण श्वास घेते तेव्हा तोही घेतो, आणि तिचा लांबला की त्याचा अडकतो.

"पेने," ती म्हणाली, "टोपी कुरतडतोयस काय? उंदीर आहेस का?"

"नाही ताई."

"मग ठेव ती खाली आणि ऐक. मला ओ हवा."

पेनेने टोपी खाली ठेवली. डॉक्टरांनी ताईला हॉस्पिटलातून घरी पाठवलं त्याच दिवशी त्याला कळलं होतं, हे शब्द कधीतरी येणार. तरी ते असे मंगळवारच्या सकाळी, टोपीच्या मागोमाग येतील असं वाटलं नव्हतं.

ओ. एवढाच शब्द. रोजच्या जेवणाला त्या मुलखात काइ म्हणतात आणि तो शब्द दिवसभर सगळ्यांच्या तोंडी असतो. काइ झाली का, काइ उरली का, या काइ घ्यायला. ओ मात्र वाटेचा. मासेमारीला, जंगलात, लांबच्या सोयऱ्यांकडे निघालेल्या माणसाच्या पाठीवर बांधून देतात तो ओ. आपण शिदोरी म्हणतो ती. आणि जिथून परत यायचं नाही अशा वाटेला लागलेलं माणूस शेवटचं जे एक खाणं मागून घेतं, तोही ओच. मागणाऱ्याने नाव घ्यायचं, कुठलं ते सांगायचं. आणायचं काम घरच्यांचं. पूर्वी अशा एका घोटभर पाण्यासाठी माणसं दोन दोन दिवस चालून गेलेली आहेत.

"काय आणू?" पेनेने विचारलं.

"काकाही. आपल्या तळ्यातल्या. पाणकणसांच्या बेटाजवळ आजी काढायची ना, तिथल्या."

काकाही म्हणजे गोड्या पाण्यातले शिंपले. काळे, हाताच्या बोटाएवढे लांब, चवीला चिखलाचे. पोरं तोंडात घेतात आणि आईचं लक्ष नाहीसं बघून कुत्र्याला देतात. पण म्हाताऱ्यांना विचारावं.

पेनेने खिडकीबाहेर पाहिलं. तळं निळंशार दिसत होतं. खिडकीतून ते नेहमीच निळं दिसायचं, आणि सगळा घोटाळा तिथेच होता. तीन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून तुरुहिरा तळ्यावर उतरली नव्हती. तळ्यावर काय झालंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी वाटलं, हिवाळ्यात निवळेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, बरी झाली की सांगू. तिसऱ्या वर्षी सांगायचं राहिलं ते राहिलंच.

"आणतो," तो म्हणाला.

त्याने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ज्या बाईला त्याने उभ्या आयुष्यात कधी 'नाही' म्हटलं नव्हतं, तिला ते पहिल्यांदा आजच कसं म्हणायचं?

ओतामारे गावाचं जेवणघर चाळीस वर्षं तुरुहिराच्या हातात होतं. गावात कुणी गेलं की तीन दिवस माणसं येत राहतात. बस भरून येतात, आधी रडतात, मग जेवतात. रडणं सभाघरासमोर, ते सगळ्यांना दिसतं. जेवण मागे, वाफेत. तुरुहिरा मागची. तिला पुढे अंगणात उभं राहून गळा काढताना फार कमी लोकांनी पाहिलं. पण आत तिचा शब्द पडला की पन्नास जण हलायचे. एकदा सहाशे माणसं येणार म्हणून अंदाज होता आणि नऊशे आली. तिने बटाट्यांकडे एकदा पाहिलं, वाढपाच्या खिडकीतून पाहुण्यांकडे एकदा पाहिलं, आणि आपल्या माणसांना म्हणाली, "आज आपण सगळे उपाशी. कुणाचा चेहरा पडलेला दिसला तर माझ्याशी गाठ आहे." पाहुण्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. कुणाला काही कळलं नाही. आधी पाहुणे, मग म्हातारे, मग पोरं, मग उरलं तर आपण, हा तिचा क्रम, आणि तो तिने कुठल्या भिंतीवर लिहून ठेवला नव्हता, कारण गरजच नव्हती.

एकदा राजधानीतून एक बडा अधिकारी आला होता. जेवण आवडलं म्हणून आभार मानायला थेट स्वयंपाकात शिरला, दोन हात पसरून. तुरुहिराने त्यातल्या एका हातात भांडी पुसायचं फडकं दिलं. "आलाच आहात तर त्या ताटांना लागा," म्हणाली. त्याने सव्वा तास ताटं पुसली. पुढे अनेक वर्षं तो नाताळला कार्ड पाठवत असे, आणि खाली लिहायचा, 'आपला ताटपुश्या'.

पेने तिच्या हाताखाली खड्ड्याचा माणूस. जमिनीत खड्डा खणायचा, लाकडं रचायची, दगड लाल होईपर्यंत तापवायचे, वर टोपल्यांतून मटण, कोंबड्या, रताळी, कोबी, मग ओली पोती आणि माती. तीन तास. दगड कमी तापले की मांस कच्चं राहतं आणि मग तुरुहिराचं तोंड सुटतं. "तुझे दगड अजून लाजतायत, पेने. लग्नाची बोलणी चाललीयत का त्यांची?" सगळं जेवणघर हसायचं. पेनेही हसायचा. त्याचं लग्न झालं नव्हतं, दगडांइतकाच तोही लाजत राहिला. पण त्याला बहिणीचं बोलणं कधी लागलं नाही.

कारण एक जुनी गोष्ट होती. पेने जन्मला त्या आठवड्यात त्यांची आई गेली. बाप लाकूडतोडीच्या कॅम्पवर. डॉक्टरने दिलेली दुधाची भुकटी पोराच्या पोटात ठरेना. पाजली की बाहेर. आजी म्हणाली, आता तळ्याचंच दूध. तिने पाणकणसांजवळून काकाही काढल्या, ठेचल्या, उकळल्या, फडक्यातून गाळल्या, आणि तो करडा रस दहा वर्षांच्या तुरुहिराच्या हाती दिला. तिने फडक्याचं टोक त्यात बुडवून बाळाच्या तोंडात धरलं. दर दोन तासांनी, रात्रंदिवस, सात महिने. शाळा सुटली ती सुटलीच. पेने जगला. मोठेपणी त्याला कुणी विचारलं की आईचं नाव काय, तर तो नाव सांगायचा आणि मनात चेहरा यायचा तो ताईचा.

ते ऋण थोडंतरी फिटेल असं एकच काम आता तिने सांगितलं होतं.

त्या सकाळी नर्स आली तेव्हा पेने अजून खुर्चीतच होता. नर्स इलाइसा, सामोआ बेटांवरची, दणकट बांध्याची, गुणगुणत औषध भरणारी. मिरिआमा, म्हणजे तुरुहिराची भाची, तिला दारातच म्हणाली, "आंटीने आज ओ मागितला."

"काय मागितला?"

"ओ. शेवटचा. वाटेचा."

इलाइसाचं गुणगुणणं थांबलं. "आमच्याकडे ओसो म्हणतात," ती म्हणाली. "मी पहिल्यांदा इकडे यायला निघाले ना आंटी, तेव्हा आईने ओसो बांधून दिला होता. नारळाच्या दुधातल्या अळकुड्या. एवढं गाठोडं. विमानतळावरच्या साहेबाने काढून घेतलं. मी त्याला म्हटलं, हे खाणं नाही, ओसो आहे. तो म्हणाला, बाई, मला अळकुड्याच दिसतायत."

तुरुहिराने डोळे उघडले. तिला मजा वाटली की तिच्या डाव्या डोळ्याखालची सुरकुती हलायची, ती हलली.

"म्हणजे हा शब्द तुमच्या बाजूने निघाला तेव्हा दोन अक्षरांचा होता."

"असेल आंटी."

"समुद्र केवढा मोठा आहे. आमची माणसं होड्यांतून महिनाभर वल्ही मारत होती. भूक लागली असणार. अर्धा शब्द वाटेत खाल्ला."

इलाइसा इतकी हसली की सुई बाजूला ठेवावी लागली. "मग आमचा अर्धा परत द्या."

"पचला तो. एवढ्या पिढ्यांनी मागतेस होय?" मग जरा दम खाऊन तुरुहिरा म्हणाली, "आजी सांगायची, होड्या निघाल्या तेव्हा प्रत्येक होडीत वाळवलेलं रताळं होतं, वाळवलेले मासे होते. नव्या किनाऱ्याला काय मिळेल कुणाला ठाऊक होतं? काही ना काही मिळणारच, माणूस असेल तिथे काइ असतेच. पण ओ असतो तो सोडलेल्या गावचा. आपली माती पोटात घेऊन निघायचं, म्हणजे तिकडचे विचारतात, कुठून आलीस, तेव्हा सांगता येतं."

"कोण विचारतं?" मिरिआमाने विचारलं.

"पुढे गेलेले. आणखी कोण? तुझी आई तर दारातच उभी असेल, कंबरेवर हात ठेवून."

पेने उठला आणि बाहेर गेला.

छपरीत, पत्र्याखाली, आजीचा रोऊ टांगलेला होता. लांब दांडा, टोकाला लाकडी दातांची फणी, फणीमागे जाळीची पिशवी. जाळी उंदरांनी खाल्ली होती. पेनेने कांद्याच्या पोत्याची जाळी कापून तिथे बांधली आणि होडी घेऊन तळ्यावर उतरला.

काठावर ती पाटी होती. पाण्यात उतरू नये. शिंपले व मासे खाऊ नयेत. जनावरांस पाणी पाजू नये. पाटीवरचा लाल रंग तीन उन्हाळ्यांत फिका पडून गुलाबी झाला होता. आणि पाणी खिडकीतून दिसायचं तसं निळं नव्हतं. जवळून ते हिरवं होतं, कुणी रंगाचा डबा लवंडून ढवळायला विसरावं तसं. काठाशी साय धरली होती आणि तिला कुजक्या गवताचा वास येत होता.

पाणकणसांच्या बेटापर्यंत तो वल्हवत गेला. रोऊ खाली सोडला, दांडा खांद्यावर घेऊन ओढला. दातांना खाली काहीतरी लागलं. तो आवाज त्याला लहानपणापासून माहीत होता, करकर, करकर, जणू तळं दात खातंय. त्याने वर ओढलं. पिशवी भरली होती. शिंपले, काळे, लांब, चाळीस तरी असतील. त्याने एक उचलला, तो हातात उघडला. आत काही नव्हतं. दुसरा. चिखल. तिसरा. सगळी पिशवी त्याने होडीत ओतली आणि एकेक करून सगळे उघडले. ती जिवंत शिंपल्यांची पिशवी नव्हती, रिकाम्या घरांची होती. त्याने दुपारी चारपर्यंत ओढलं, बेटाच्या चारी बाजूंनी. हिरव्या पाण्याने हात कोपरापर्यंत खाजू लागले. सहा जिवंत मिळाल्या.

सहा पुष्कळ झाल्या असत्या. तिला दोन तरी जाणार होत्या का?

मिरिआमा मागल्या दारात उभी होती. तिने बादलीत पाहिलं. "कुठून?"

"आपल्याच."

"अंकल, पाटी वाचलीत ना?"

"वाचली."

"शिंपला पाणी गाळतो. पाण्यात जे आहे ते सगळं त्याच्या पोटात आहे. मागल्या वर्षी शेजारच्या तुरांगीचा कुत्रा नुसतं पाणी पिऊन तासाभरात पाय झाडून मेला. आठवतंय?"

"ती मरायलाच टेकलीय, मिरिआमा."

"म्हणून तडफडत मरू दे? इलाइसा रोज येते ती कशाला? आंटीला दुखू नये म्हणून येते. आणि तुम्ही तुमच्या हाताने तिला हे भरवणार?"

तिचं बरोबर होतं. तिचं बरोबर नसतं तर त्याला बरं वाटलं असतं. मिरिआमाने बादली त्याच्या हातून घेतली नाही, नुसती वाट बघत राहिली. शेवटी तो स्वतःच परसात गेला, दगड तापवायच्या जुन्या खड्ड्याशेजारी त्याने सहाही काकाही पुरल्या आणि वर पायाने माती सारली. एवढ्या वर्षांत त्या परसात त्याने पुष्कळ खड्डे खणले होते. ते सगळे खड्डे अन्न वर काढण्यासाठी. हा पहिला आत घालायचा.

"तिला सांगून टाका आता," मिरिआमा मऊ आवाजात म्हणाली.

"तू सांग."

"मी नाही सांगणार. तुमच्याकडे मागितलंय तिने."

बुधवारी तुरुहिराने विचारलं, "निघाल्या का?"

"पाणी गार आहे ताई. खोल गेल्यात."

"या दिवसांत खोलच जातात," ती म्हणाली, आणि तिने विश्वास ठेवला. हे पेनेला सगळ्यात जड गेलं. ती चाळीस वर्षं भाजीवाल्यावर, खाटकावर, पाद्र्यावर, कुणावर विश्वास ठेवत नव्हती. वजन परत करून बघायची.

गुरुवारी पहाटेच तो गाडी काढून टेकडीपलीकडे गेला. तिकडे दुसरं तळं आहे, लहान, जंगलाच्या कुशीत, वर गाई नाहीत म्हणून पाणी अजून स्वच्छ. ते हाकोपाच्या लोकांचं. हाकोपा चौऱ्याऐंशीचा, त्या काठचा वडीलधारा, सगळ्यांचा कोरो, म्हणजे आजोबा; तुरुहिरा आणि तो तरुणपणी एकाच नाचगाण्याच्या टोळीत होते आणि तेव्हापासून एकमेकांची टर उडवत आले होते. पेनेने दारात उभं राहून सगळं सांगितलं. खरं खरं सांगितलं, कारण दुसऱ्याच्या तळ्यातलं घ्यायचं तर खोटं बोलून चालत नाही.

हाकोपाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याने नातवांना हाक मारली. अर्ध्या तासात बादली भरली. मोठ्या, जड, घट्ट मिटलेल्या काकाही, ओल्या शेवाळाखाली झाकलेल्या.

"जा," हाकोपा म्हणाला. "आम्ही मागोमाग येतो."

पेने चपापला. "आज, कोरो?"

"मग कधी? ती गेल्यावर? तेव्हा तर सगळेच येतील."

याला नको कसं म्हणणार? पेनेने हिशेब केला. त्यांना निघायला, म्हाताऱ्यांना गाडीत बसवायला तास तरी लागेल. तेवढ्यात शिजवून भरवता येईल. त्याने परतीची वळणं कधी घेतली नव्हती इतक्या वेगाने घेतली. बादली मिरिआमाच्या जागी, पट्टा लावून, पुढच्या सीटवर.

"निघाल्या ताई," तो दारातूनच म्हणाला. "पाणकणसांजवळच्या."

तुरुहिराने हात पुढे केला. शिजवायच्या आधी तिला एक हातात हवी होती. त्याला हे सुचायला हवं होतं. पाण्यातून काढलेलं, जमिनीतून काढलेलं काहीही आधी हातात घेतल्याशिवाय तिने कधी चुलीवर जाऊ दिलं नव्हतं. त्याने सगळ्यात लहान शोधून दिली. तिने डोळे मिटले आणि शिंपल्याच्या बिजागरीवरून अंगठा फिरवला. एकदा. मग उलट दिशेने पुन्हा एकदा.

आमच्या तळ्यातल्या काकाहींचं ते टोक झिजलेलं असतं, खरखरीत, पांढरं पडलेलं, असं ओतामारेत सगळे सांगतात. हे टोक गुळगुळीत होतं.

"कुणाच्या या?"

पेने पलंगाच्या कडेवर बसला.

"हाकोपाच्या?"

"हो ताई."

"छान आहेत. भरलेल्या आहेत." तिने शिंपला छातीवर ठेवला. "आपल्यात नाहीत?"

त्याने सांगितलं. पाटी, हिरवं पाणी, रिकाम्या शिंपल्या, सहा जिवंत, परसातला खड्डा. पुन्हा पुन्हा अडखळत, शाळेतल्या मुलासारखं. ती खिडकीकडे बघत होती. बाहेर तळं निळंच होतं.

"किती वर्षं?"

"तीन."

"तीन," ती म्हणाली. "मंगळवारी मी मागितलं तेव्हा सांगायचं होतंस. मी दुसरं काहीतरी मागितलं असतं. परसातला बटाटा मागितला असता एखादा. त्यालाही इथलीच माती आहे."

"मग आता माग ना. आत्ता उकडतो. पाच मिनिटांत—"

"एकदाच मागतात, पेने."

"कोण म्हणतं?"

"आजी म्हणायची. तूही ऐकलंयस. आता मी बटाटा मागितला तर तो बटाटाच. तू आणलास म्हणून मी खाल्ला एवढंच."

"मग या खा. माझ्यासाठी खा. ताई, एक. रस तरी घे. तू मला—"

तिने हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला. तो त्याच्या कानापर्यंत पोचला, आणि तिने कान धरला, लहानपणी धरायची तसा, पण आता त्यात पिळायला जोर नव्हता.

"रागावले नाहीये मी. ही काइ आहे. उत्तम काइ. ओ नाही. ओ माझ्या एकटीचा असतो, तो मी मागून घेते. काइ कुणाची असते? जो दारात येईल त्याची."

आणि तेवढ्यात दारात गाड्या थांबल्या.

दोन गाड्या, सात माणसं. हाकोपा पुढे, काठी टेकत, काळ्या कोटात. त्यांनी अंगणात उभं राहून जुनी हाक घातली, मिरिआमाने आतून थरथरत्या आवाजात उत्तर दिलं, मग सगळे आत आले, नाकाला नाक लावून भेटले, रडले. हाकोपा पलंगाशी बसला.

"अजून आहेस तर," तो म्हणाला.

"तुझं तोंड बघून जायचं राहिलं होतं. आता बघितलं. फारसं काही राहिलं नव्हतं म्हणायचं."

"जीभ आहे तशीच आहे."

"ती शेवटी जाईल. हाडं आधी. बसा सगळे. मिरिआमा, काय आहे घरात?"

मिरिआमाने पेनेकडे पाहिलं. चार दिवस ती इथेच जागी होती. घरात काय असणार? एक पाव, लोणी, चहा, कालचं थोडं सूप. सात माणसं टेकडी ओलांडून आलेली, त्यात तीन म्हातारे.

"पाव आहे, आंटी," ती खाली बघून म्हणाली.

तुरुहिराच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुखण्याचं नव्हतं. जेवणघरातल्यांना तो चेहरा ठाऊक होता. पेनेने तो नऊशे माणसांच्या दिवशी पाहिला होता.

"पेने. बादली चुलीवर ठेव. उकडून आण. टेबल इथे ओढा, मला दिसेल असं."

"ताई, ती तुझी—"

"पाहुणे बसलेत."

तो स्वयंपाकघरात गेला. पाणी उकळायला ठेवलं. शिंपले एकेक उघडत गेले, वाफ आली, आणि त्या वाफेला तोच वास होता, चिखलाचा, पाणकणसांचा. नाकाला फरक कळत नव्हता. अंगठ्याला कळला होता. त्याने दोन बाजूला काढून बशीखाली झाकल्या. मग त्या पुन्हा भांड्यात टाकल्या. तिने विचारलं असतं आणि आता त्याच्याकडे एकही खोटं शिल्लक नव्हतं.

पावाच्या तुकड्यासह ताट हाकोपासमोर ठेवलं तेव्हा म्हातारा ते नुसता बघत राहिला. त्याच्याच तळ्यातल्या, त्याच्याच नातवांनी काढलेल्या, आणि कुणासाठी ते त्याला ठाऊक होतं. त्याने पेनेकडे पाहिलं. पेनेने मान हलवली, नाही म्हणून. एवढ्यावरून म्हाताऱ्याला सगळं कळलं असावं. ताट मागे सारता आलं असतं तर त्याने सारलं असतं. पण मरणाऱ्या बाईच्या घरी, तिच्या डोळ्यांसमोर, तिने वाढलेलं परत करायचं? ते कुणी केलेलं नाही.

"खा," तुरुहिरा म्हणाली. "का आमच्या घरचं चालत नाही?"

हाकोपाने एक उचलली. शिंपल्यातून मांस काढून तोंडात घातलं. चावत राहिला, काकाही चिवटच असतात, आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहून हनुवटीवर येत होतं, ते त्याने पुसलं नाही. दुसरी उचलली. बाकीचेही खाऊ लागले, नुसते शिंपले ताटात पडल्याचे आवाज. पेने भिंतीला टेकून उभा होता, हात लोंबते सोडून. आयुष्यभर त्याला कुणीतरी सांगत आलं होतं, हे उचल, ते ठेव, दगड आण. आता कुणी काही सांगत नव्हतं आणि करण्यासारखं काही नव्हतं.

तुरुहिरा उशीवरून सगळं टेबल बघत होती, वाढपाच्या खिडकीतून बघायची तसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणाचं ताट रिकामं होतंय, कुणाचा हात आखडतोय.

त्यानंतर ती आणखी तीन दिवस होती. रविवारी दुपारी, गाई खाली येतात त्या वेळेला, गेली. इलाइसा म्हणाली, दुखलं नाही. त्या तीन दिवसांत पेनेने चमच्याने तिचे ओठ ओले केले, तळ्यातल्या नव्हे, नळाच्या पाण्याने. ती काही बोलली नाही, आणि त्यानेही दुसरं काही विचारायचं धाडस केलं नाही. तिचं शेवटचं बोलणं ते गुरुवारचं, टेबलावरून नजर न काढता, त्याला जवळ बोलावून, हाकोपाला ऐकू जाऊ नये अशा बेताने:

"त्याच्या पावाला लोणी लाव. जाड लाव. मागायचा नाही तो."